तोडलेले झाड, बनवलेले झाड



बार्शीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा व सून नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. सहा वर्षांची नात शाळेतून आली की रोज एकच हट्ट धरते : सर्वांच्या घरी नाताळाचे झाड आहे, आपल्याच घरी का नाही? सून म्हणते, आणू या. मुलगा म्हणतो, आईला विचारू. आणि आई मला विचारतात. त्यांचे शब्द असे आहेत : "खरे झाड आणावयाचे म्हणजे हिरव्या जिवाचा घात. त्याऐवजी प्लॅस्टिकचे घेतले तर दोष लागणार नाही ना? तेवढे लिहून कळवावे, म्हणजे मी निर्धास्तपणे होकार देईन."

दोष कशाने लागतो आणि कशाने लागत नाही, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो प्रश्न त्यांनी महाराजांपुढे ठेवावा. मी जन्मभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत केली. मालाची पारख, घट-तूट आणि हिशेब एवढेच मला कळते. परंतु हाच पेच २०१७ साली आमच्या घरातही पडला होता. त्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो, आणि या झाडावरून आमच्या सौ. व सूनबाई यांच्यातील बोलणे आठ-दहा दिवस कामापुरतेच उरले होते. त्या दिवसांत जे पाहिले आणि वाचले ते सांगतो. त्यातून भगिनींना हवे ते उत्तर मिळेलच, असे नाही.

झाड घरात यावेच का, असे काही वाचक विचारतील. त्यावर फार थांबत नाही. सजविलेल्या झाडाची चाल जर्मन मुलखातली; १६०५ साली स्ट्रासबर्गमध्ये लोक दिवाणखान्यात फर वृक्ष उभे करून त्यांना कागदी फुले आणि सफरचंदे लावीत, अशी नोंद आहे. इंग्लंडात ती घरोघरी पोहोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि तिचे जर्मन पती आल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली छापून आल्यानंतर. आज अमेरिकेत ते धर्माचे कमी आणि शेजाराचे अधिक झाले आहे. प्यू संशोधन केंद्राने २०१२ साली तेथील आशियाई लोकांची पाहणी केली, तेव्हा चार हिंदूंपैकी जवळजवळ तिघांनी आपण नाताळ साजरा करतो असे सांगितले. आमच्या सूनबाईंनी हे सर्व एका वाक्यात संपविले : "दिवाळीत शेजारची मुले आपल्या आकाशकंदिलाखाली बसून लाडू खाऊन गेली, आता आपल्या मुलाने त्यांच्या खिडकीतून झाड बघत उभे राहायचे का?" त्यावर सौ. काही बोलल्या नाहीत. झाड यावे हे ठरले. कोणते, यावर अडले.

नोव्हेंबराच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून झाडांच्या शेतांवर गर्दी लोटते. न्यू जर्सीत अशी शेते पुष्कळ आहेत. फाटकाशी आपल्या हाती करवत देतात. आपण ओळींतून हिंडावे, झाड पसंत करावे, स्वतः कापावे आणि पैसे मोजून गाडीच्या टपावर बांधून न्यावे. आम्ही सारे गेलो. डोंगरउतारावर फर आणि स्प्रूस यांच्या सरळ ओळी होत्या. आमच्याकडे उसाच्या सऱ्या असतात, तशा. मला रान तोडले जात असल्याचे दृश्य दिसेल असे वाटले होते. दिसली ती शेती. अमेरिकेत वर्षाला अडीच ते तीन कोटी खरी झाडे विकली जातात आणि ती जवळजवळ सर्व अशा शेतांतूनच येतात. ओरेगन आणि नॉर्थ कॅरोलिनाचे डोंगर ही त्यांची मोठी आगरे.

शेताचा मालक साठीच्या घरातला. मी आडत्या आहे हे मुलाने सांगताच तो मोकळा झाला. शेतकरी आणि आडत्या यांना एकमेकांची भाषा यावी लागत नाही. नर्सरीतून आणलेले रोप शेतात लावल्यापासून सहा-सात फुटांचे होण्यास सात ते दहा वर्षे जातात. दर उन्हाळ्यात प्रत्येक झाडाची हाताने छाटणी करावी लागते, तेव्हा तो निमुळता घाट येतो. नैसर्गिक वाढीत झाड इतके दाट आणि डौलदार दिसत नाही. कापलेल्या बुंध्याशेजारी पुढील वसंतात नवे रोप लागते.

त्या वर्षी भाव चढे होते. सरसकट ७० डॉलर. कारण विचारले तर त्याने २००८ सालाकडे बोट दाखविले. त्या मंदीत मागणी घटली, माल पडून राहिला, शेतकऱ्यांनी लागण कमी केली आणि कित्येकांनी धंदाच सोडला. तेव्हा जी रोपे लावली गेली नाहीत ती आठ-नऊ वर्षांनी बाजारात कमी पडली. हे ऐकून मी त्या उतारावर काही वेळ नुसता उभा राहिलो. आमचे हळदीचे पीक नऊ महिन्यांचे. भाव पडला तर शेतकरी पुढल्या हंगामात दुसरे काही घेतो. येथे बाप लावणार आणि भाव कदाचित मुलगा पाहणार. अशा मालाला मी पेढीवर उचल दिली असती की नाही, याचा विचार मी परतीच्या वाटेवरही करीत होतो.

नातवाने एक झाड पसंत केले. मुलाने करवत घेतली आणि गुडघा टेकला. तेवढ्यात मालकाने हात वर करून त्याला थांबविले. आतल्या एका डहाळीवर अक्रोडाएवढी, वाळलेल्या फेसासारखी तपकिरी गाठ होती. पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा जो प्रार्थना कीटक असतो, त्याच्या अंड्यांचा तो कोश. बाहेरच्या थंडीत ती अंडी वसंतापर्यंत निजून राहतात. झाड घरात नेले की उबेमुळे त्यांना वसंत आल्याचा भास होतो आणि शे-दोनशे पिल्ले दिवाणखान्यात बाहेर पडतात. त्यांना खाण्यास काही नसते आणि बाहेर बर्फ असते. काही एकमेकांना खातात, बाकीची मरतात. मालकाने खिशातून कात्री काढली, ती डहाळी अलगद कापली आणि पलीकडच्या, न विकावयाच्या लहान झाडाच्या फांद्यांत नीट अडकवून ठेवली.

सौ. हे सर्व पाहत होत्या. त्यांनी मुलाकरवी विचारले, "औषध फवारता का?" मालकाने लपविले नाही. खवले कीड पडली की फवारावे लागते, नाहीतर दहा वर्षांचे झाड जाते, असे तो म्हणाला. सौ. मला एवढेच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. पण झाड नको." आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. नातू गाडीत घरापर्यंत रडला.

झाड तोडण्याचा संकोच आपणच करतो, असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे जंगलांच्या रक्षणाचे मोठे पुरस्कर्ते; त्यांच्या व्हाइट हाउसमध्ये नाताळाचे झाड ठेवीत नसत. १९०२ साली त्यांच्या मुलाने, आर्चीने, तेथील सुताराच्या मदतीने एक लहानसे झाड कपाटात दडवून सजविले आणि नाताळाच्या सकाळी कपाट उघडून वडिलांना चकित केले. मुले सर्वत्र सारखीच.

त्या रात्री जेवणानंतर विषय निघालाच. सौ. म्हणाल्या, "ऊस तोडतो तो गुळासाठी, साखरेसाठी. संसारात तेवढी हिंसा सुटत नाही, हे कळते. परंतु महिनाभर कोपऱ्यात उभे करून मग रस्त्यावर टाकावयासाठी झाड तोडणे म्हणजे अनर्थदंड नव्हे तर काय? प्लॅस्टिकचे आणा, माझी हरकत नाही." सूनबाई भांडी आवरीत होत्या. त्या वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आई, मग प्लॅस्टिकचे तरी कोणत्या अर्थासाठी बनवतात?"

कोणी उत्तर दिले नाही. मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मुलाच्या संगणकावर या बनावट झाडाची वंशावळ शोधू लागलो, आणि जे सापडले त्याने मी थक्क झालो.

कृत्रिम झाड ही आजची वस्तू नव्हे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत नाताळासाठी कोवळ्या फर वृक्षांचे शेंडे छाटले जात आणि त्यामुळे रानाची हानी होत असल्याची ओरड होती. त्यावर उपाय म्हणून जे झाड निघाले ते हंसाच्या जातीच्या पाळीव बदकांच्या पिसांचे. पिसे हिरव्या रंगात बुडवायची, तारेवर गुंडाळून फांद्या करायच्या आणि त्या लाकडी काठीत खोवायच्या. हीच पिसांची झाडे पुढे अमेरिकेतही विकली गेली. त्यानंतर १९३० च्या सुमारास ऍडिस या ब्रश बनविणाऱ्या कंपनीने शौचकूप घासण्याचे ब्रश ज्या यंत्रावर होत त्याच यंत्रावर झाडे काढली. त्यांच्या सुया म्हणजे हिरवे रंगविलेले जनावरांचे राठ केस. म्हणजे हेच पत्र कोणी नव्वद वर्षांपूर्वी लिहिले असते आणि मी डोळे मिटून "कृत्रिम घ्या" असे कळविले असते, तर एकेंद्रिय जीव वाचविण्यासाठी पंचेंद्रियाचे केस अथवा पिसे त्यांच्या दिवाणखान्यात उभी राहिली असती!

मधल्या काळात ॲल्युमिनियमच्या झाडांची लाट आली. १९५९ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक या गावची चंदेरी झाडे देशभर गेली. धातूवर विजेची माळ घातली तर झटका बसण्याचे भय, म्हणून शेजारी फिरते रंगीत चाक ठेवून त्यावर प्रकाश सोडीत. १९६५ साली दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रपटात अशा झाडांची टर उडविली गेली आणि काही वर्षांत तो बाजार बसला. (फॅशनच्या मालाचा साठा करू नये, हे आमचे वडील सांगत, त्याला यापेक्षा चांगला दाखला मी देऊ शकणार नाही.)

आजचे झाड पीव्हीसीचे. पीव्हीसीच्या पातळ हिरव्या पट्टीला दोन्ही कडांनी बारीक झालर कापतात आणि ती दोन तारांमध्ये पिळतात. बाटली धुण्याचा ब्रश ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको. महाग झाडांत टोकाच्या डहाळ्या पॉलिइथिलीनच्या, साच्यात ओतलेल्या असतात. त्या अधिक खऱ्या दिसतात. अमेरिकेत विकली जाणारी ही झाडे बहुतेक सर्व चीनमधून येतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये डिसेंबरात जी घडीची झाडे लटकलेली दिसतात तीही याच जातीची. चीनमध्ये पीव्हीसीचा मोठा भाग दगडी कोळशापासून होतो आणि त्या प्रक्रियेत पारा लागतो. जुन्या झाडांत पीव्हीसी टिकावे म्हणून शिसे घालीत; उन्हाने आणि वयाने प्लॅस्टिक ठिसूळ झाले की ते धुळीबरोबर झडते. झाडाचे आयुष्य संपल्यावर तार आणि प्लॅस्टिक वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. ते कचऱ्याच्या डोंगरात जाते, आणि तेथे ते आपल्या पणतवंडांनाही भेटेल.

एवढे वाचल्यावर मी वही घेतली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न साधा आहे. खरे झाड हा नाशवंत माल. त्याचा खर्च ज्या वर्षी घेतले त्याच वर्षी पडतो. कृत्रिम झाड ही भांडवली वस्तू. तिच्यावर घसारा धरावयाचा असतो. पैशाचा धरतो तसाच तिने केलेल्या नुकसानीचाही. इंग्लंडच्या कार्बन ट्रस्टने दोन मीटर उंचीच्या झाडांसाठी हिशेब मांडला आहे. कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायॉक्साइडएवढा धूर. खरे झाड वापरून कचऱ्यात पुरले तर १६ किलो, कारण कुजताना त्यातून मिथेन निघतो. तेच झाड दळून भुसा केला किंवा जाळले, तर अवघे साडेतीन किलो. भागाकार घरच्या मुलानेही करावा : दळलेल्या खऱ्या झाडाच्या बरोबरीस यावयाचे, तर कृत्रिम झाड अकरा-बारा नाताळ वापरले पाहिजे.

हा आकडा सर्वमान्य आहे असे नाही. माँट्रियालच्या एका सल्लागार संस्थेने २००९ साली वीस वर्षे सांगितली. अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पाचच वर्षे निघाली; तो अभ्यास कृत्रिम झाडे विकणाऱ्यांच्या संघटनेने करवून घेतला होता. खोटा होता असे माझे म्हणणे नाही. खरे झाड आणण्यास गाडी किती मैल गेली आणि शेवटी झाडाचे काय झाले, हे जसे धराल तसा आकडा हलतो. परंतु कोणाच्या काट्यावर माल तोलला हे विचारल्यावाचून आम्ही यार्डात पट्टी करीत नसू. तीच सवय येथेही ठेवावी.

वही सौ. ना वाचून दाखविली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, "धुराचा हिशेब केलात. फवारणीत मेलेल्यांचा आणि पाऱ्याने पोळलेल्यांचा कोणत्या खात्यात लिहिलात?" तो कोणत्याच खात्यात लिहिलेला नव्हता. अशा बेरजा होत नाहीत, हे मी कबूल केले.

मुळासकट कुंडीतले झाड आणावे, असे मुलाने सुचविले. ती वाट चांगली, पण तिच्या अटी कडक आहेत. थंडीत निजलेले झाड उबेत आठ-दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवले तर जागे होते आणि पुन्हा बर्फात नेले की मरते. शिवाय जमीन गोठण्यापूर्वीच खड्डा खणून ठेवावा लागतो. मुलाचे घर ओळीतले, अंगण सामाईक, खणण्यास मनाई. आपल्याकडे रोपवाटिकांतून ख्रिसमस ट्री म्हणून जे विकतात आणि पुण्याच्या जुन्या बंगल्यांसमोर ताडमाड वाढलेले दिसते ते अरोकॅरिया. मूळचे प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटाचे. ते कुंडीत वर्षानुवर्षे घरात राहते. परंतु त्याच्या फांद्या मऊ, ओझे सोसत नाहीत, आणि भट्टीच्या कोरड्या उबेत ते खालून वाळत जाते. सूनबाईंनी पूर्वी एक आणले होते; ते दुसऱ्या हिवाळ्यात गेले. ज्यांच्या घरात हवा दमट राखता येते त्यांनी तरी ते जरूर पाहावे.

शेवटी वाट सापडली ती सूनबाईंना. त्या म्हणाल्या, नवे झाड तोडावयाचे नाही आणि नवे बनवून घ्यावयाचेही नाही. मग जुने घ्यावे. अमेरिकेत माणसे घर बदलताना अर्धा संसार रस्त्याकडेला ठेवून जातात. त्याच आठवड्यात एका शेजाऱ्याने तळघरातले वीस-पंचवीस वर्षांचे झाड फुकट देऊ केले. मी आनंदाने खोके उचलले. सूनबाई औषध कंपनीच्या तपासणी विभागात काम करतात. त्यांनी एक फांदी पांढऱ्या कागदावर झटकली, बोटांना लागलेली हिरवी भुकटी पाहिली आणि खोके बंद केले. "अप्पा, हे फुकट असले तरी महाग आहे. यात शिसे असू शकते, आणि घरात लहान मूल आहे." मी पेढीवर पन्नास वर्षे भेसळ ओळखीत आलो; या ठिकाणी मी सपशेल फसलो असतो.

दुसरे झाड जुन्या वस्तूंच्या एका धर्मादाय दुकानात मिळाले. १५ डॉलर. फार जुने नव्हते, भुकटी झडत नव्हती. मात्र तिवईचा एक पाय नव्हता आणि मधल्या भागातले दिवे मेलेले होते. पायाच्या जागी मी लाकडाचा ठोकळा तासून बसविला. मेलेल्या दिव्यांवरून दिवाळीची माळ फिरविली. खोक्यात दाबून चपट्या झालेल्या फांद्या एकेक करून उलगडाव्या लागतात. त्या कामास दोन तास लागले आणि ते आजी आणि नातू यांनी केले. सौ. आपणहून बसल्या. झाडावर त्यांनी दारचे काचमण्यांचे तोरण सोडून वेगवेगळे बांधले.

सर्व झाल्यावर नातू झाडाजवळ गेला, नाक लावले आणि म्हणाला, "आजी, याला वासच नाही."

याला उत्तर कोणाजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा त्या शेतावर गेला. खरे झाड तिवईत बसावे म्हणून खालच्या फांद्या कापतात. त्या ढिगाने पडलेल्या असतात आणि मालक त्या कोणालाही नेऊ देतो. मुलगा त्यांतल्या दोन घेऊन आला. सौ. नी त्या खिडकीच्या उजेडात धरून सुई न् सुई तपासली, कोठे गाठ नाही ना ते पाहिले, आणि मगच पाण्याच्या भांड्यात ठेवल्या. घरभर वास पसरला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही.

आता बार्शीच्या भगिनींना. प्लॅस्टिकचे घेतले म्हणजे हिंसा टळली, असे मी लिहून देऊ शकत नाही. ती डोळ्यांआड, दूरच्या कारखान्यात गेली, एवढेच. मुलाला आधी हे विचारावे की त्या घरात, निदान त्या देशात, पुढील दहा-बारा वर्षे राहणे नक्की आहे काय. व्हिसावर असलेली आपली मुले दोन-तीन वर्षांनी गाव बदलतात आणि सामान हलके करताना सर्वांत आधी हेच खोके मागे राहते. तसे असेल तर नवे कृत्रिम झाड मुळीच घेऊ नये. जुने मिळाले तर पाहावे. भुकटी झडत असेल तर तेही नको. खरेच आणावे असे सुनेला वाटले, तर जवळच्या शेतातले आणावे, तेथल्या तेथे आतून डहाळ्या तपासाव्या, घरी बुंध्याची इंचभर चकती कापून झाड लगेच पाण्यात ठेवावे आणि पाणी रोज पाहावे. पहिल्या दिवशी ते पुष्कळ पाणी पिऊ शकते, आणि कोरडे पडलेले झाड आगीला निमंत्रण असते. नाताळ सरल्यावर ते कचऱ्याच्या पिशवीत घालू नये. न्यूयॉर्कसारख्या शहरांत जानेवारीत बागांमधून अशी झाडे फुकट दळून त्यांचा भुसा झाडांच्या आळ्यांत घालतात. अनेक गावांत तशी सोय असते. आणि नातीला शेतावर अवश्य न्यावे, झाड आणावयाचे नसले तरी. होकार कशास द्यावयाचा, हे भगिनींनी यानंतर स्वतः ठरवावे.

आमचे ते १५ डॉलरचे झाड अजून आहे. पहिल्या वर्षी ते आवरताना मी खोक्याच्या झाकणावर आतून, वहीत लिहावी तशी, '२०१७' अशी नोंद केली. पुढल्या वर्षीपासून नातू ती करू लागला. २०२० साली करोनामुळे आम्हाला जाता आले नाही, तेव्हा त्याने झाकणाचे छायाचित्र पाठविले होते. मध्ये घर बदलले, तरी खोके बरोबर गेले. मागच्या डिसेंबरात त्याने दूरध्वनीवरून कळविले की ठोकळा हलू लागला आहे आणि वरच्या टोकाचे दिवेही गेले आहेत. मित्र म्हणतात, नवे घ्या. सौ. नी त्याला विचारले, झाकणावर किती ओळी झाल्या? तो मोजण्यास उठला तो बराच वेळ फोनवर आला नाही. सूनबाई म्हणाल्या, ठोकळ्याखाली पुठ्ठा घालतो आहे.